मावशीचा दुसरा शब्द

मी शाळेत इंग्रजी शिकवते. आठवीतली मुलं दर वर्षी विचारतात, “बाई, रिग्रेट आणि अपॉलजी, दोन्ही एकच ना?” माझ्या खिशात मावणाऱ्या जुन्या शब्दकोशात पहिल्यापुढे ‘खेद, दिलगिरी’ असं आहे आणि दुसऱ्यापुढे ‘दिलगिरी, माफी’. कोश करणाऱ्याने मधे दिलगिरी ठेवून दोन्हीकडच्या लोकांची सोय करून टाकली आहे. मी मुलांना दोन वाक्यं लिहून देते आणि पुढच्या धड्याकडे वळते, कारण तास पस्तीस मिनिटांचाच असतो. खरं उत्तर द्यायचं तर मावशीची गोष्ट सांगावी लागेल, आणि ती सांगताना माझा आवाज बिघडतो. चाळीस मुलांसमोर आवाज बिघडवून घेण्याएवढी मी अजून म्हातारी झालेली नाही.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. आम्ही तिला टकटकमावशी म्हणायचो. ती टायपिस्ट होती आणि रिकाम्या वेळीही तिची बोटं टेबलाच्या कडेवर चालू असत. लग्न केलं नव्हतं. का, हे विचारायची घरात कोणाची छाती नव्हती. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, “राहून गेलं.” हे तिचं नेहमीचं होतं. तिच्या घरात कोणी काही करतच नसे, सगळं आपोआप होई. कप फुटे, दूध उतू जाई, विजेचं बिल भरायचं राहून जाई. मी चिडवायची, “मावशी, या घरात भूत आहे का गं?” ती चष्म्यावरून बघायची आणि म्हणायची, “दूध उतू गेलं याचं वाईट वाटतं मला. आता ओटा पुसून घे.”

ही सवय तिला नोकरीने लावली होती. फोटोचे रोल धुण्याच्या एका मोठ्या कारखान्यात, तक्रार विभागात, ती सव्वीस वर्षं होती. तेव्हा कॅमेऱ्यात रोल असत. शहरभरातले स्टुडिओ लोकांचे रोल पिवळ्या पाकिटांत घालून या कारखान्याकडे पाठवत. खाली अंधाऱ्या खोल्यांत रोल धुतले जात, वर मावशीची खोली. जिन्यात पाय ठेवला की रसायनांचा आंबट वास नाकात शिरायचा, आणि तो तिच्या साड्यांनाही कायमचा चिकटला होता. एवढ्या रोलांत काही जळायचे, काही हरवायचे, एकाच्या पाकिटात दुसऱ्याच्या बायकोचे फोटो जायचे. मग लोक रागावून पत्रं लिहीत, आणि त्यांना उत्तरं टाइप करणं हे मावशीचं काम.

उत्तरांचे सात नमुने होते. पत्राच्या पहिल्या दोन ओळी वाचल्या की कुठला नमुना लावायचा हे तिला कळत असे, आणि याचा तिला अभिमानही होता. पत्र कुठल्याही भाषेत येवो, उत्तर इंग्रजीतच जाई. सगळ्या नमुन्यांत ‘रिग्रेट’ होतं. ‘अपॉलजी’ एकाही नमुन्यात नव्हती. तो शब्द वापरायचा तर मोठ्या साहेबांची सही लागे, आणि सव्वीस वर्षांत ती कोणी पाहिलेली नव्हती. मी कॉलेजात असताना मावशीनेच मला समजावून सांगितलं होतं. “रिग्रेट म्हणजे झालं त्याचं वाईट वाटतं. पाऊस पडला तरी रिग्रेट करता येतं. अपॉलजी म्हणजे ते आम्ही केलं. एकदा तसं लिहून दिलं की संपलं, कंपनीचा हात दगडाखाली.”

आता आईबद्दल सांगते, कारण हा सगळा खटाटोप तिच्यापाशीच येऊन थांबतो. आई आणि मावशी सात वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या.

आजोबा मावशीकडे असत. शेवटची नऊ वर्षं ते अंथरुणाला खिळलेले होते आणि त्यांचं सगळं मावशीने केलं, नोकरी सांभाळून. आम्ही तेव्हा दुसऱ्या गावी होतो, एका रात्रीच्या बसच्या अंतरावर. आजोबा चार दिवस अत्यवस्थ होते आणि पाचव्या दिवशी गेले. आईला फोन आला तो पाचव्या दिवशी. ती पोहोचली तेव्हा खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. त्यानंतर महिन्याभराने मावशीचं पत्र आलं. ते आईने बटणांच्या डब्यात घडी करून ठेवलं होतं, आणि कुठलं बटण शोधायला डबा उघडला की तिचा दिवस वाईट जायचा. पत्रात लिहिलं होतं, ‘बाबांच्या शेवटच्या दिवसांत तुला वेळेवर कळवणं होऊ शकलं नाही, याचं मला अतिशय वाईट वाटतं.’

“होऊ शकलं नाही!” आई म्हणायची. “फोन काय स्वतः उठून नंबर फिरवणार होता?”

पुढे माझ्या बाबांची बदली होऊन आम्ही मावशीच्याच शहरात आलो. तिचं घर आमच्यापासून दोन बसथांब्यांवर. आई एकदाही गेली नाही. मी दर गुरुवारी जायची, ते आईला पक्कं ठाऊक होतं, आणि ठाऊक नसल्यासारखं ती मला विचारायची, “तुमच्या त्या मावशीबाईंचा खोकला गेला का?” मी म्हणायची, “जाऊन बघ की.” मग ती तोंड फिरवून भांडी लावायला लागायची, जरा जास्तच आवाज करत. दोघी सारख्याच हट्टी. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. मला दोघींचाही राग यायचा, आणि दोघींपैकी एकीला काही झालं तर, या विचाराने भीतीही वाटायची. मावशी तेव्हा चौपन्न वर्षांची होती आणि जिना चढताना मधे थांबायला लागली होती.

असंच एका गुरुवारी गेले, तर मावशी चहा न करताच बसली होती. बोटं टेबलावर चालत नव्हती.

“आज एक गृहस्थ आले होते,” ती म्हणाली. “बेकरीवाले.”

या बेकरीवाल्यांनी सहा महिन्यांत तीन पत्रं पाठवली होती आणि तिन्ही वेळा त्यांना एकच उत्तर गेलं होतं, नमुना चार, ‘रोल सापडत नाही’. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. तिन्ही उत्तरं हातात घेऊन, अंगावर पिठाने माखलेला सदरा तसाच ठेवून, ते मावशीच्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

“बाई, यात काय लिहिलंय ते सांगाल का? पोराला दाखवलं तर तो म्हणतो, सॉरी लिहिलंय.”

“सॉरीसारखंच आहे,” मावशी म्हणाली.

“सारखंच म्हणजे? आहे की नाही?”

मावशीने त्यांना खुर्ची दिली आणि मला सांगितलं होतं तेच सांगितलं. एक शब्द आहे तो झाल्याचं वाईट वाटण्याचा. दुसरा आहे तो केल्याची कबुली देण्याचा. दिसायला शेजारी शेजारी असतात.

“मग या तिन्हींत कुठला?”

“पहिला.”

त्या गृहस्थांनी तिन्ही कागद एकावर एक ठेवून घडी घातली. “वाईट तर मलाही वाटतंय बाई. तुम्हालाही वाटतंय. दोघं मिळून किती वाटून घेणार? दुसरा शब्द निघाला की कळवा,” असं म्हणाले आणि निघाले. दारातून पुन्हा वळून म्हणाले, “लाल दोरा बांधलेला होता हो रोलला. बायकोची सवय होती, आपल्या प्रत्येक वस्तूला लाल दोरा. हरवू नये म्हणून.”

ते गेल्यावर मावशीने पत्रं काढली. पहिल्याच पत्रात तिसऱ्या ओळीत लाल दोऱ्याबद्दल लिहिलेलं होतं. ती तिसरी ओळ तिने कधी वाचलीच नव्हती. मग तिने बेवारस रोलांचं रजिस्टर काढलं. पाकिटावरची चिठ्ठी निघून गेली की रोल तिच्या टेबलाच्या खालच्या खणात येई, सहा महिने थांबे आणि मग बाकीच्या रद्दीबरोबर नष्ट करायला जाई. मार्चच्या पानावर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘रोल एक, लाल दोरा बांधलेला, चिठ्ठी नाही.’ पहिलं पत्र आलं जूनमध्ये. खण रिकामा केला सप्टेंबरमध्ये. जून ते सप्टेंबर तो रोल तिच्या गुडघ्याजवळ होता आणि वर ती टाइप करत होती की सापडत नाही.

“काखेत कळसा,” मी म्हटलं. पुढचं बोलायचा धीर झाला नाही.

“त्यांची बायको गेली गं मेमध्ये,” मावशी म्हणाली. “तिचे शेवटचे फोटो होते.”

मी मूर्खासारखी म्हणाले, “होतं असं कधीकधी, मावशी.” तिने माझ्याकडे असं बघितलं की मी उठून चहा टाकायला गेले.

दुसऱ्या दिवशी तिने नवीन पत्र टाइप केलं आणि त्यात तो शब्द घातला. मोठ्या साहेबांनी लाल पेन्सिलीने तो खोडला. तिने पुन्हा टाइप केलं, पुन्हा तोच शब्द. साहेब माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, “बाई, तुम्ही टाइप करता तेव्हा कंपनी बोलते. आज एकाला अपॉलजी दिली की उद्या जिन्यात रांग लागेल.”

“मग मी माझ्या नावाने देते.”

“तुम्ही म्हणजे कंपनी नाही.”

“तेच म्हणते मी,” मावशी म्हणाली. “खण कंपनीने उघडायचा नव्हता. मी उघडायचा होता.”

साहेबांनी तिला बजावलं की कंपनीच्या कागदावर, कंपनीच्या टपालाने असं काही गेलं तर टेबल सोडावं लागेल. म्हणून शनिवारी तिने घरच्या रेघी कागदावर हाताने पत्र लिहिलं, आणि ते स्वतः नेऊन द्यायचं ठरवलं. मला म्हणाली, “सोबत ये. पाय लटपटले तर धरायला कोणीतरी हवं.” मला वाटलं थट्टा करते आहे. बसमधून उतरल्यावर तिने खरोखरच माझा दंड धरला आणि बेकरीच्या दारापर्यंत सोडला नाही.

दुपारची तीनची वेळ. भट्टी निवत आलेली, पत्र्याचे रिकामे ट्रे भिंतीशी उभे केलेले. बेकरीवाले कागद अंथरून त्यावर उद्याच्या बिस्किटांचे साचे पुसत बसले होते. मावशीने पर्समधून पत्र काढलं, त्यांच्यापुढे धरलं, आणि त्यांनी हात पुढे करायच्या आत मागे घेतलं.

“तोंडानेच सांगते,” ती म्हणाली. “तुमचा रोल हरवला नव्हता. तो माझ्या खणात होता. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हाही होता, तिसरं आलं तेव्हाही होता. मी तुमच्या पत्राच्या दोनच ओळी वाचल्या आणि उत्तर पाठवलं. खण उघडून बघितला नाही. मग तो रद्दीबरोबर गेला. हे मी केलं. चुकलं माझं.”

ते हातातला साचा पुसत राहिले. बराच वेळ पुसला.

“दोनच ओळी?”

“दोनच.”

“दोरा तिसऱ्या ओळीत होता.”

“हो.”

त्यांनी साचा खाली ठेवला तो जरा जोरातच. उठले, भट्टीपर्यंत गेले, पाठ करून उभे राहिले. मला वाटलं आता हे ओरडतील, आणि ओरडले असते तरी त्यांचं काय चुकलं असतं? मावशी हलली नाही. खुर्ची शेजारीच होती, पण बसली नाही. मी तिच्याकडे बघत होते. सव्वीस वर्षं जिने वाक्यांच्या आडोशाला काम केलं ती बाई त्या उघड्या बेकरीत नुसती उभी होती, आणि तिचा मला इतका अभिमान वाटला की माझेच डोळे भरून आले.

“राग आलाय मला,” ते पाठमोरेच म्हणाले.

“येणारच.”

“पण निदान कोणावर काढायचा ते तरी कळलं. सहा महिने मी पोरावर काढतोय, स्टुडिओवाल्यावर काढतोय. मीच पत्ता नीट लिहिला नसेल, म्हणून स्वतःवर काढतोय.” मग ते वळले आणि म्हणाले, “बसा. ऊन आहे बाहेर.”

त्यांनी पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर मावशीनेच विचारलं, “काय होतं हो त्या फोटोंत?”

एवढा एक प्रश्न कारखान्यातल्या कोणीच त्यांना विचारला नव्हता. ते सांगू लागले. बायको एकावन्नाव्या वर्षी सायकल शिकली होती. पाव पोहोचवायची सायकल, मागे ट्रे ठेवायची चौकट असलेली. बेकरीमागच्या गल्लीत, रविवारी सकाळी. ते एका हाताने सीट धरून पळत होते आणि दुसऱ्या हाताने फोटो काढत होते, त्यामुळे निम्मे फोटो वाकडेच आले असणार. एकात नुसतं हँडल. एकात ती पडलेली आणि हसत असलेली, आणि चप्पल गटाराच्या कडेला. एकात शेजारची बाई खिडकीतून सूचना देत असलेली, जिला स्वतःला सायकल येत नव्हती. मावशी प्रत्येक फोटोनंतर विचारायची, “मग पुढचा?” आणि ते आठवून आठवून सांगायचे. बावीसपर्यंत आठवले. रोलमधला शेवटचा, छत्तिसावा, तर पक्का आठवत होता. त्यात ती गल्लीच्या टोकाशी पोहोचली होती, पाठमोरी. सीट त्यांनी केव्हाच सोडून दिली होती आणि तिला ते माहीतच नव्हतं.

निघताना मावशीने पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं नाही, घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, “पोराला वाचायला देतो. मराठीत आहे ना?”

परतताना बसमध्ये मावशी खिडकीशी बसली. दोन थांबे गेल्यावर तिने बाहेर बघतच विचारलं, “मी तुझ्या आईला पत्र लिहिलं होतं, ते तू वाचलंयस?”

“वाचलंय.”

“कुठला नमुना होता?”

मी म्हटलं, “चार.” तिने मान हलवली, आणि तिची बोटं पर्सवर टकटक चालू झाली.

रविवारी सकाळी आमच्या दाराची बेल वाजली. दार आईने उघडलं. मी मागच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. मावशीचा आवाज ऐकला आणि हातातला टॉवेल घेऊन तशीच बाहेर आले. आई दाराच्या कडीवर हात ठेवून उभी. मावशी उंबरठ्याबाहेर, तीन जिने चढून धापा टाकत असलेली. सात वर्षांत पहिल्यांदा त्या समोरासमोर आल्या होत्या.

“छोटे, बसायला आले नाही,” मावशी म्हणाली. “एक सांगायचंय. त्या पत्रात मी लिहिलं, कळवणं होऊ शकलं नाही. ते खोटं आहे. होऊ शकत होतं. शेजाऱ्यांचा फोन होता, नंबर पाठ होता. मी नाही केला. बाबांनी दोनदा तुझं नाव घेऊन विचारलं. मी म्हटलं, निघाली आहे, येतेच आहे. तुला मात्र कळवलं नाही.”

आईचा हात कडीवरून सुटला. “का?” तिने इतक्या हळू विचारलं की मला ओठांवरून समजलं.

“तू आलीस की ते तुझ्याशिवाय कोणाकडे बघायचे नाहीत. नऊ वर्षं मी केलं गं त्यांचं. तू वर्षातून दोनदा यायचीस आणि त्यांचं तोंड उजळायचं. मला वाटलं, हे शेवटचे दिवस तरी माझ्याकडे बघू देत. तुझा हक्क होता, तो मी घेतला. चुकलं माझं, छोटे.” ती थांबली, आणि मग म्हणाली, “दोनदा नाही. तीनदा विचारलं.”

तीनदा हे तिने सांगायची काही गरज नव्हती. कोणाला कळणार होतं? पण ती तिसरी ओळ होती, आणि ती वगळायची नाही असं ठरवूनच ती तीन जिने चढून आली असावी.

आईला रडू फुटलं. तिने ते पुसायचा प्रयत्नही केला नाही. मला वाटलं, ती दार लावणार. आजही मला सांगता येणार नाही की त्या क्षणी तिच्या मनात काय आलं, आणि तिने दार लावलं असतं तर तिला कोणी नावं ठेवली असती असंही मला वाटत नाही. तिने मावशीकडे बघितलं. तिचे पिकलेले केस बघितले, वर-खाली होणारी छाती बघितली.

“खोकला गेला नाही ना अजून?” ती म्हणाली.

“नाही.”

आई बाजूला झाली. मावशीने चपला काढल्या आणि आत येऊन, परक्या घरात बसतात तशी, खुर्चीच्या टोकावर बसली. आईने दुसरी खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली.

“चारही दिवस सांग,” ती म्हणाली. “पहिल्या दिवसापासून. सकाळी उठले तेव्हापासून.”

मावशीने चष्मा काढून पुसला आणि सांगायला लागली. आजोबांनी पहिल्या दिवशी अर्धा कप दूध घेतलं होतं. खिडकी उघडायला सांगितली होती. मी टॉवेल खांद्यावर टाकून दाराला टेकून उभी होते. मावशी जरा थांबली की आई विचारायची, “मग?”